चोवीस तासांची गोळी

आई गेल्याचा निरोप आला तेव्हा शिंपी कोटिंगच्या खोलीत होता आणि बॅच अर्ध्यावर आली होती.

शिंपी हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. त्याच्या सात पिढ्यांत कुणी पोटासाठी सुई हातात धरली नव्हती. औषधांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं तो गोळ्यांवर लेप चढवायचं काम करत होता. गोळीला अंगाबरोबर बसेल असा अंगरखा घालणारा, म्हणून कुणीतरी गमतीत त्याला शिंपी म्हटलं, आणि ते चिकटलं ते चिकटलंच. पगाराच्या चिठ्ठीवर तेवढं खरं नाव उरलं होतं.

त्याच्या खोलीत पोलादाचा एक मोठा ढोल होता, जाळीसारखी भोकं असलेला. त्यात एका वेळी दोन-अडीच लाख गोळ्या गडगडत असायच्या. एका बाजूने गरम हवा यायची, वरून तीन गनमधून बारीक फवारा पडायचा. फवाऱ्यात मुख्य ऐवज एकच, इथाइल सेल्युलोज. नव्या माणसाला शिंपी ते चिमूटभर तळहातावर घेऊन दाखवायचा. पांढरी भुकटी, वास नाही, चव नाही. "लाकडाचा लगदा नि कापूस, त्यावर प्रक्रिया करून हे बनतं," तो सांगायचा. "कापूस खाऊन कुणी पचवलाय का? हेही पचत नाही, पाण्यात विरघळत नाही. म्हणूनच घालायचं. आतलं औषध या सालीतून झिरपत झिरपत चोवीस तासांनी संपतं. साल मात्र तशीच्या तशी, जशी गेली तशी बाहेर." मग थोडं थांबून, "कुठून बाहेर ते विचारू नका." या विनोदावर सव्वीस वर्षं माणसं हसत आली होती.

त्या मंगळवारी अकराच्या सुमारास रक्तदाबाच्या गोळ्यांची बॅच चालू होती. आत फोन न्यायची बंदी असल्यामुळे निरोप आधी गेटवर आला, तिथून सुपरवायझरकडे. आत शिरायचं तर डोक्यापासून पायापर्यंत झगा चढवावा लागतो. सुपरवायझरने तेवढा वेळ काढला नाही. एका कागदावर ठळक अक्षरांत लिहून त्याने तो खिडकीच्या काचेला आतून दिसेल असा टेकवला. 'आई गेल्या. ताबडतोब घरी जा.'

शिंप्याने वाचलं. मान हलवली. घड्याळाकडे बोट दाखवलं आणि मग चार बोटं वर केली. चाळीस मिनिटं. फवारा मध्येच थांबवला तर गोळ्या एकमेकींना चिकटतात, साल कुठे जाड, कुठे पातळ बसते. सुपरवायझर खुणांनी सांगत राहिला, दुसरा माणूस आहे, तू निघ. शिंपी पुन्हा गनकडे वळला. चाळीस मिनिटांनी त्याने बॅच उतरवली, वजन केलं, वहीत आकडा लिहिला, सही केली, आणि मग झगा काढून घरी गेला.

पुढे कारखान्यात या गोष्टीची दोन तऱ्हांनी चर्चा झाली. काहींनी म्हटलं, कामाला देव मानणारा माणूस. काहींनी म्हटलं, दगड आहे नुसता. शिंप्याच्या कानावर दोन्ही आलं. त्याला कशाचंच काही वाटलं नाही.

आई त्याच्या थोरल्या बहिणीकडे असायची. ताईच्या नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, जागा मोठी होती. ताई स्वतःच म्हणाली होती, "आईला माझ्याकडे राहू दे, मला घर खायला उठतं." शिंपी दर रविवारी जाऊन दुपारचं जेवण तिथे करायचा. आईला तो बावन्नाव्या वर्षीही छोट्याच होता आणि ताईलाही.

महिन्यापूर्वी आईला पक्षाघाताचा हलकासा झटका येऊन गेला होता. हात सावरला, बोलणंही सावरलं, पण गिळताना ठसका लागायचा. आणि मग त्या मंगळवारी सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या मान कलली. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, हृदय थकलं होतं, त्रास न होता गेल्या, भाग्याच्या. शिंप्याने सगळं नीट केलं. फोन केले, कागदपत्रं केली, आलेल्या-गेलेल्यांना खुर्च्या दिल्या. डोळ्यांतून टिपूस आलं नाही. बायको दोनतीनदा त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. हाताचं वजन त्याला कळलं. पलीकडे काही नाही.

"मोकळे व्हा एकदा," ती म्हणाली.

"होईन," तो म्हणाला, आणि विजेचं बिल भरायचं राहिलंय का ते विचारलं.

त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी तो नेहमीसारखा ताईकडे गेला. ताई स्वयंपाकघरात होती. तिने लसणाच्या पाकळ्या सोलून ठेवल्या होत्या. "छोट्या, एवढं ठेचून दे रे," म्हणत तिने दगडी खलबत्ता त्याच्यापुढे सरकवला.

त्याने बत्ता उचलला. खलाच्या तळाशी दगडाला एक खोलगट टवका उडालेला होता. त्या टवक्यात काहीतरी अडकलं होतं, फिकट गुलाबी. त्याने नखाने उकरून काढलं. कांद्याच्या पापुद्र्याच्या कपच्याएवढं असेल. वरून गुलाबी, आतल्या बाजूने काचेसारखं. जिभेने बोट ओलं करून त्याने ते चोळलं. ते विरघळलं नाही. नुसतं दुमडलं आणि पुन्हा उलगडलं.

जगात फार थोड्या माणसांना ते काय आहे हे डोळे मिटूनही सांगता आलं असतं. त्यांतला तो एक होता.

"यात काय कुटलं होतंस?" त्याने विचारलं.

"आईच्या गोळ्या," ताई फोडणीकडे बघत म्हणाली. "घशाखाली उतरत नव्हत्या ना तिच्या. डॉक्टर म्हणाले होते, गिळायला त्रास होत असेल तर सगळं बारीक, पातळ करून द्या. मी आपली कुटून मधातून चाटवायचे. का रे? राहिलंय का काही? दोनदा घासला मी तो, तरी ते चिकटतं मेलं. आण इकडे, पुन्हा घासते."

"राहू दे," शिंपी म्हणाला.

लसूण त्याने सुरीने चिरला. मग जेवायला बसला. ताईने वाढलं तेवढं सगळं खाल्लं. हात धुताना त्याला आठवलं की ताईचा एकदा फोन आला होता, आई जायच्या दहा-अकरा दिवस आधी. तो चहाच्या सुट्टीत गेटपाशी उभा होता. ताई म्हणाली होती, "आईला गोळ्या जात नव्हत्या, पण मी काढलीय एक युक्ती." तो म्हणाला होता, "बरं केलंस." कसली युक्ती, हे त्याने विचारलं नव्हतं. चहा निवत होता.

निघताना त्याने आईच्या औषधांच्या डब्यातली एक रिकामी पट्टी आणि तिच्याशेजारची, दोनच गोळ्या उरलेली, खिशात घातली.

सोमवारी त्याने वही काढली. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्याच्याच कारखान्यातल्या होत्या. कामगारांना सवलतीत मिळायच्या, त्यानेच सहा महिन्यांच्या आणून दिल्या होत्या. पट्टीवरचा बॅच क्रमांक त्याने वहीशी ताडून पाहिला. सही त्याचीच होती. साल किती चढली, गोळ्यांचं तापमान किती, कुठल्या गनचा फवारा किती, सगळे आकडे जिथल्या तिथे. बॅच सगळ्या चाचण्यांतून पार पडली होती. कामात तिळमात्र खोट नव्हती.

मग तो प्रयोगशाळेत गेला. तिथल्या बाई वर्षभरात निवृत्त व्हायच्या होत्या आणि शिंप्याच्या बॅचेस तपासण्यात त्यांची निम्मी नोकरी गेली होती. त्यांच्या यंत्रात एका ओळीत सहा काचेची भांडी होती, आत अंगाच्या उबेएवढं गरम पाणी, आणि प्रत्येकात एक दांडा संथ फिरत असायचा. गोळी टाकायची आणि दर थोड्या वेळाने पाणी काढून किती औषध बाहेर आलं ते मोजायचं.

"बाई, एक काम होतं," शिंपी म्हणाला. "ही गोळी कुटून टाकली तर काय होतं ते बघायचंय."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "नियमात नाही ते."

"माहीत आहे."

त्यांनी भांड्यांच्या ओळीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "दोन भांडी रिकामी आहेत. दार लोटा."

एका भांड्यात त्यांनी अख्खी गोळी सोडली, दुसऱ्यात कुटलेली. अख्खी तळाशी जाऊन बसली, जशीच्या तशी. कुटलेलीचा पाण्यात ढग झाला आणि गुलाबी पापुद्रे गरगरत राहिले. शिंपी स्टुलावर बसून बघत होता. तासाभराने बाईंनी आकडे कागदावर लिहून त्याच्यापुढे ठेवले. अख्ख्या गोळीतून तासात शंभरातले चार भाग बाहेर आले होते. कुटलेलीतून वीस मिनिटांत शहाण्णव.

"कुणी घेतली?" बाईंनी विचारलं.

"कुणी नाही."

"म्हातारं माणूस असेल तर रक्तदाब धपकन खाली येईल. दिवसभराचं औषध एका घासात म्हणजे काय."

"माणूस जाईल?"

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "ते छातीवर हात ठेवून नाही सांगता यायचं. कुणाला नुसती चक्कर येईल. कुणी दहा दिवस निभावेल आणि अकराव्या दिवशी नाही निभावणार. आणि कुणी गोळी घेतली नसती तरी त्याच दिवशी गेलं असतं." त्यांनी तो कागद फाडून टोपलीत टाकला. "पेटीतल्या चिठ्ठीत छापलेलं असतं, कुटू नका, चावू नका. मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत. वाचतंय कोण?"

शिंप्याने उठून स्टूल जागेवर ठेवलं.

त्याने ठरवलं, कुणाला सांगायचं नाही. फार विचार करून ठरवलं असंही नाही. तोंड मिटलेलं होतं ते मिटलेलंच राहिलं. आई गेली ती गेली. ताईने दोन वर्षं तिचं सगळं केलं होतं, अंग पुसण्यापासून नखं कापण्यापर्यंत. तिला हे सांगणं म्हणजे जिवंतपणी मारणं. झाकली मूठ झाकलेली बरी. बायकोलाही तो काही बोलला नाही. कामावर जायचा, ढोल फिरवायचा, रविवारी ताईकडे जायचा, वाढलं ते खायचा. "चव कशी झालीय?" ताई विचारायची. "छान," तो म्हणायचा. खरं तर चव कळायचीच नाही; मीठ घालायचं राहिलं तरी तो छानच म्हणायचा. एका रविवारी ते खरंच राहिलं होतं, आणि ताई पहिला घास घेऊन त्याच्याकडे बघतच राहिली होती.

असे सहा रविवार गेले.

सातव्या रविवारी तो गेला तेव्हा ताई बऱ्याच दिवसांनी खुलल्यासारखी दिसली. केस नीट बांधलेले, टेबल आवरलेलं. टेबलावर औषधांची एक पिशवी होती.

"वरच्या मजल्यावरच्या मावशी माहीत आहेत ना तुला?" ती म्हणाली. "मांडीचं हाड मोडलं होतं त्यांचं. घरी आणलंय आता. मुलगा-सून दोघं नोकरीवाले. मुलगा येऊन म्हणाला, ताई, तुम्ही तुमच्या आईचं इतकं केलंत, दिवसभर आमच्या आईकडे लक्ष द्याल का? पैसे वगैरे म्हणत होता, मी म्हटलं गप रे. उद्यापासून जाणार आहे. अरे, हात रिकामे बसले की मला वेड लागायची पाळी येते."

"चांगलं आहे," शिंपी म्हणाला.

"दात नाहीत, ठसका लागतो, सगळं आईसारखंच. गोळ्या काही गिळवत नाहीत त्यांना. मी म्हटलं, काळजी करू नका, मला सवय आहे. खलबत्ता वर घेऊन जाईन."

शिंप्याने पिशवी स्वतःकडे ओढली. आतल्या पेट्या एकेक करून बाहेर काढल्या. पहिली कॅल्शियमची. दुसरी पोटाची. तिसऱ्या पेटीवर त्याच्या कारखान्याचं नाव होतं.

"ताई, ही कुटू नकोस."

"का?"

"डॉक्टरांना विचार. दुसरी लिहून देतील."

"अरे, पण का? आईला देत होते की हीच."

त्याने पेटी टेबलावर पालथी ठेवली. बोलायला शब्द होते. ताई उभी होती ती हळूच खुर्चीवर बसली. तिने पेटी उचलली, उलटसुलट करून पाहिली, खाली ठेवली.

"छोट्या, माझ्याकडे बघ."

त्याने पाहिलं.

"सांग."

मग त्याने सांगितलं. नव्या माणसाला सांगायचा तसंच, त्याच आवाजात. साल कशाची असते, ती का विरघळत नाही, औषध चोवीस तास कसं झिरपतं. फक्त शेवटचा विनोद नव्हता. त्याऐवजी वीस मिनिटं आणि शंभरातले शहाण्णव हे होतं. बाई म्हणाल्या होत्या तेही त्याने सांगितलं, की नक्की काही सांगता येत नाही, गोळी घेतली नसती तरीही आई त्याच दिवशी गेली असती कदाचित.

ताईने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, ओरडली नाही. बराच वेळ टेबलावरचा एक डाग बोटाने पुसत बसली.

"रोज दहाच्या सुमारास तिला घेरी यायची," ती म्हणाली. "मला वाटायचं, अशक्तपणा. मी आणखी मध द्यायचे."

"तुझा दोष नाही. मी सांगायला हवं होतं. मी आयुष्यभर तेच..."

"मी तुला फोन केला होता."

"हो."

"मी म्हटलं होतं, युक्ती काढलीय."

"हो."

"तू म्हणालास, बरं केलंस."

"हो, ताई."

"दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा," ती म्हणाली. मग तिने अचानक विचारलं, "तुला कधी कळलं हे?"

"लसूण ठेचायला दिला होतास त्या दिवशी."

तिने मनाशी मोजलं. ओठ हलताना दिसले. "म्हणजे सहा रविवार. त्यानंतर सहा रविवार तू इथे येऊन माझ्या हातचं जेवलास. छान झालंय म्हणालास."

तो पेट्या पिशवीत परत भरू लागला.

"जा तू," ताई म्हणाली. "पिशवी इथेच राहू दे. मी डॉक्टरांना विचारते. पण तू जा."

तो पायऱ्या उतरून रस्त्यावर आला. दुपारचं ऊन होतं. समोरच्या दुकानात एकजण सायकलच्या चाकात हवा भरत होता. शिंपी उभा राहून बघत राहिला. त्याला वाटलं होतं, सांगून टाकल्यावर काहीतरी होईल. निदान हलकं वाटेल, नाहीतर जड तरी वाटेल. काहीच झालं नाही. भूक लागली होती, तेवढं कळलं. घरी जाऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. बायको ऐकता ऐकता रडली. त्याने तिला पाणी आणून दिलं.

"ताईंना फोन करा," ती दुसऱ्या दिवशी म्हणाली.

"तिने जा म्हटलंय."

"जा म्हटलं म्हणजे कायमचं जा असं नसतं हो. जरा माणसासारखं वागा."

त्याने फोन केला. ताईने उचलला नाही. पुढच्या दिवशीही नाही. मग त्याने सोडून दिलं. तीन रविवार तो घरीच बसला. बायकोला कुठूनसं कळलं की ताई वरच्या मावशींकडे रोज जाते, मावशींच्या गोळ्या डॉक्टरांनी बदलून दिल्या आहेत. एवढीच खबर.

चौथ्या आठवड्यात, शनिवारी संध्याकाळी, दारावरची घंटा वाजली. दारात ताई होती. दोन्ही हातांत दोन कापडी पिशव्या, घाम आलेला.

"लिफ्ट बंद आहे तुमच्याकडे," ती म्हणाली. "सरक बाजूला."

तिने पिशव्या जेवणाच्या टेबलावर रिकाम्या केल्या. पेट्या, पट्ट्या, बाटल्या, एकेकीला रबर लावून चिठ्ठी अडकवलेली. मावशींच्या होत्या, तळमजल्यावरच्या निवृत्त मास्तरांच्या होत्या, समोरच्या इमारतीतल्या नवरा-बायकोच्या होत्या. सगळे म्हातारे, सगळ्यांना कुणी ना कुणी काहीतरी कुटून, फोडून, दुधात कालवून देत होतं.

"मी घरोघरी जाऊन विचारलं," ताई म्हणाली. "मास्तरांची सून तर दोन तुकडे करते, म्हणे मोठी आहे गोळी. बस. एकेक सांग मला. पेन आणलंय मी."

शिंपी बसला. बायकोने दिवा लावला आणि तीही शेजारी बसली.

"ही?"

"ही साधी. फोडली तरी चालेल."

"ही?"

"ही पोटाची. हिच्यावरही साल आहे, पण वेगळी. पोटातल्या आम्लात टिकते, आतड्यात गेली की सुटते. कुटायची नाही. कुटली तर औषध आम्लातच वाया जातं."

"ही?"

"हिच्यावर नुसता रंग आहे. पण मला खात्री नाही, औषधवाल्याला विचार."

"खात्री नाही तर तसं लिहिते," ताई म्हणाली, आणि प्रत्येक पेटीवर मोठ्या, काळ्या अक्षरांत लिहीत गेली. कुटू नका. चालेल. विचारा. तिचं अक्षर लहानपणी वर्गात पहिलं यायचं. दीड तास हे चाललं. मधे शिंप्याच्या बायकोने चहा केला. शिंप्याच्या कारखान्यातल्या तसल्याच गोळ्यांच्या तीन पेट्या आल्या तेव्हा ताईने त्या हातात घेतल्या, काही विचारलं नाही, 'कुटू नका' लिहिलं, आणि खाली दोन रेघा ओढल्या.

सगळं पिशवीत परत भरून झाल्यावर ती म्हणाली, "एक विचारू?"

"विचार."

"सव्वीस वर्षं तू हेच करतोस. आई घरात ही गोळी कशी घेते, हे तुला एकदाही विचारावंसं वाटलं नाही?"

शिंप्याने खरंच विचार केला. "मला वाटायचं, गोळी कारखान्याबाहेर पडली की माझं काम संपलं."

ताईने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. ती उठली. तो एक पिशवी घेऊन तिला बसच्या थांब्यापर्यंत सोडायला गेला. बस येताना दिसली तेव्हा ती म्हणाली, "उद्या ये. पण घरून जेवून ये."

दुसऱ्या दिवशी तो घरून जेवून गेला. ताईने दार उघडलं, पाण्याचा ग्लास पुढे ठेवला. दोघं बाहेरच्या खोलीत बसली. मग शिंप्याने विचारलं, "त्या दिवशी काय झालं?"

"कुठल्या दिवशी?"

"आईच्या. तू मला सांगितलंच नाहीस कधी."

"तू विचारलंस कधी?" ताई म्हणाली. मग सांगू लागली. सकाळी आईने केस विंचरून घेतले होते. कुस्करलेलं केळं अर्धं खाल्लं, अर्धं नको म्हणाली. गोळी घेतली. खिडकीपाशी खुर्ची हवी म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, डोळ्यांपुढे पांढरं दिसतंय. ताईने तिचे पाय वर उचलून स्टुलावर ठेवले. "मग तिने मला विचारलं, आज वार कुठला? मी म्हटलं, मंगळवार. तर म्हणाली, मग छोट्या नाही यायचा."

शिंपी हातातल्या ग्लासाकडे बघत होता. त्याने तो न पिताच टेबलावर ठेवला. दोन्ही हात त्याने गुडघ्यांमध्ये धरले.

ताई थांबली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, पण उठली नाही, पाठीवर हात ठेवायलाही गेली नाही.

"अजून काय म्हणाली?" त्याने विचारलं. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

"अजून बरंच म्हणाली," ताई म्हणाली. "सांगते."